दोन महिने चाललं ना, साहेब?

खरं तर या विकांताला दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण गेले चार महिने डोक्यात एकच वाक्य घुमतंय आणि ते एकदा बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही. वाक्य असं: "दोन महिने चाललं ना, साहेब? मग डिफेक्ट कसा म्हणता?"

हे मला ऐकवलं आमच्या माशांच्या दुकानदाराने. माणूस वाईट नाही. गेली दहा-बारा वर्षं मी त्याच्याकडून मासे, खाद्य, फिल्टर, दिवे असं सगळं घेत आलोय. पण त्या दिवशी त्याच्या काउंटरवर २८ हजार रुपयांचा एक इंपोर्टेड रेग्युलेटर पडला होता, शेजारी प्लास्टिकच्या छोट्या डबीत नखाच्या कातरणीएवढा पितळेचा एक कीस होता, आणि घरी माझी टाकी जवळजवळ रिकामी झाली होती.

ज्यांच्या घरी माशांची टाकी नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांच्या घरी आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, पण तुम्ही सोडणार नाही हे मला माहीत आहे.) माझी टाकी चार फुटी. रेती आणि दगड वजा जाता साधारण २०० लिटर पाणी. मासे हा त्यातला अर्धाच भाग, बाकी अर्धी टाकी म्हणजे पाणवनस्पतींची बाग. कडक प्रकाशात ही झाडं जोमाने वाढायची तर त्यांना पाण्यात नैसर्गिकपणे असतो त्यापेक्षा बराच जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणून टाकीखालच्या कपाटात गॅसचा सिलेंडर ठेवायचा, वेल्डिंग गॅसवाल्याकडून भरून आणायचा. २० अंशाला या सिलेंडरमधला दाब असतो साधारण ५७ बार, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसपट. तो दोन-तीन बारवर आणतो तो रेग्युलेटर. मग एका बारीक नीडल व्हॉल्वमधून सेकंदाला मोजके बुडबुडे सोडायचे. आणि या सगळ्यात एक सोलेनॉइड व्हॉल्व असतो. वीज दिली की तो उघडतो, वीज गेली की आतली स्प्रिंग एका दट्ट्याला ढकलते, दट्ट्याच्या टोकाचं रबर भोकावर बसतं आणि गॅस बंद.

हा व्हॉल्व का लागतो? कारण अंधार पडला की झाडं कार्बन डायऑक्साइड घेत नाहीत, उलट सोडतात. त्यामुळे दिवे आणि गॅस एकाच टायमरवर. दिवे गेले की गॅस गेला पाहिजे. नाही गेला तर रात्रभर तो पाण्यात साचत राहतो, आणि मग पाण्यात ऑक्सिजन पुरेसा असला तरी माशांच्या रक्ताला तो नीट वाहून नेता येत नाही. पाण्यात असूनही मासा गुदमरतो. वीज गेली तरी व्हॉल्व बंदच राहावा अशी याची रचना असते. म्हणजे महावितरणने गुरुवारी कितीही वेळ वीज घालवली तरी मासे सुरक्षित. थोडक्यात, या यंत्राचं एकमेव महत्त्वाचं काम म्हणजे बंद होणं.

त्या शुक्रवारी रात्री दहाला टायमरने दिवे बंद केले. व्हॉल्वची वीजही बंद केली. व्हॉल्व मात्र बंद झाला नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला चहा टाकायला उठलो. टाकीपाशी गेलो तर पृष्ठभागावर काही मासे तोंड उघडून हापापल्यासारखे करत होते, बाकीचे तळाला आडवे. गॅसचं प्रमाण दाखवणारी काचेची कुपी हिरवी असायला हवी ती लिंबासारखी पिवळी. आणि बबल काउंटरमध्ये बुडबुडे चालूच! टायमर बघितला, बंद. प्लगच उपसून काढला, तरी बुडबुडे चालू. मग सिलेंडरचा मुख्य व्हॉल्व हाताने आवळला, एअर पंप लावला, अर्धं पाणी बदललं. ३४ कार्डिनल टेट्रांपैकी ६ वाचले. झिंगे सगळे गेले. आणि पिंट्या गेला.

पिंट्या हा एंजल. मुलगी पहिलीत असताना आणलेला, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. नाव तिनेच ठेवलेलं. आता ती दहावीत आहे. तिने काही विचारलं नाही. जाळीने त्याला उचलून कुंडीतल्या मातीत पुरलं आणि क्लासला निघून गेली. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं. असो.

रविवारी मी सोलेनॉइड उघडला. (ही माझी चूक होती. का, ते पुढे येईलच.) रबराच्या गादीत पितळेचा एक वेटोळं झालेला कीस रुतून बसला होता, जेमतेम तीन मिलिमीटरचा. तो घेऊन आमच्याच सोसायटीतल्या एका काकांकडे गेलो. त्यांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, आयुष्य सुटे भाग बनवण्यात गेलंय. त्यांनी भिंगाखाली बॉडी धरली, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, "आटे पाडल्यावर बर काढलेलीच नाहीये रे. हे बघ, अजून दोन ठिकाणी लोंबतीये. धुतलंही नसणार. गॅसच्या धक्क्याने एक तुकडा सुटला आणि येऊन बसला सीटवर." मग चष्मा काढून म्हणाले, "आमच्याकडून असा पीस गेला असता ना, तर कस्टमरने डेबिट नोट फाडली असती."

हे डेबिट नोट प्रकरण लक्षात ठेवा. सगळा मुद्दा तिथेच आहे.

आता या गोष्टीवर मला तीन दिशांनी तीन उत्तरं मिळाली. तिन्ही मला चुकीची वाटतात आणि तिन्ही इतकी सर्रास दिली जातात की आपल्याला ती चुकीची वाटेनाशी झाली आहेत.

पहिलं उत्तर दुकानदाराचं: दोन महिने चाललं ना!

अहो, पण आटे पाडताना राहिलेली बर दोन महिन्यांनी उगवत नाही. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती. सुटून सीटवर येऊन पडायला तिला दोन महिने लागले, एवढंच. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. दोन थ्रेड एकाच वेळी एकाच जागी लिहितात आणि डेटा बिघडतो, असा बग वर्षभर गप्प बसू शकतो. गणेशोत्सवाच्या ऑफर्समध्ये लोड वाढला की एका रात्री बाहेर येतो. तेव्हा आपण "वर्षभर चाललं होतं की" असं म्हणत नाही. कोड उघडतो, कोणत्या तारखेच्या कमिटमध्ये तो शिरला ते शोधतो, आणि तीच त्याची जन्मतारीख मानतो. दोष कधी दिसला ही एक तारीख, तो कधी निर्माण झाला ही वेगळी तारीख. वॉरंटी देणारे पहिल्या तारखेवर बोट ठेवून दुसरीबद्दल बोलणं टाळतात.

दुसरं उत्तर माझ्याच छंदातल्या मित्रांचं, आणि ते जास्त झोंबलं: "अरे, पण तू एका सोलेनॉइडवर विसंबलासच कसा? पीएच कंट्रोलर लावायला हवा होतास. रात्री एअर पंप टायमरवर टाकायला हवा होतास."

या मंडळींचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे. मी आता दोन्ही लावलंय. पण जरा मागे सरकून बघू या. आमच्या छंदात दोषांना तोंड द्यायचं एक अख्खं शास्त्र तयार झालंय. हीटरचंच घ्या. हीटरचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना संपर्कबिंदूंवर ठिणग्या पडतात आणि कधीतरी ते बिंदू एकमेकांना चिकटून बसतात. मग हीटर बंदच होत नाही. २०० लिटर पाण्यात ३०० वॉटचा हीटर असा अडकला, तर हवेत जाणारी उष्णता सोडून दिली तर दर पाऊण तासाला पाणी एका अंशाने तापतं. रात्री अकराला अडकला तर सकाळपर्यंत माशांचं सार. म्हणून जाणकार सांगतात, एक मोठा हीटर घेऊ नका, शंभर-शंभर वॉटचे दोन घ्या. एक अडकला तर एक अंश चढायला सव्वादोन तासांच्या वर लागतात, तोवर कुणाचं तरी लक्ष जातं. आणि एक बंद पडला तर दुसरा आहेच.

सल्ला उत्तम. पण त्याचा अर्थ काय होतो? अर्थ असा की वस्तू बिघडणार हे आम्ही गृहीत धरलंय, आणि बिघडण्याचा खर्च आमच्याच खिशातून भरायची सवय करून घेतलीये. एकाच्या जागी दोन वस्तू आम्ही घ्यायच्या. त्यावर लक्ष ठेवायला तिसरी घ्यायची. आणि तरीही काही झालं तर आपसात म्हणायचं, "त्याचंच चुकलं, चौथी घ्यायला हवी होती."

पुण्यात राहून हेल्मेटचा दाखला देणं म्हणजे आपणहून भांडण ओढवून घेणं, पण देतो. हेल्मेट घालावं. जरूर घालावं. पण रस्त्यातल्या खड्ड्यात पडून कुणाचं डोकं फुटलं, तर "हेल्मेट का नव्हतं" हा प्रश्न विचारल्याने "खड्डा कुणाचा" हा प्रश्न मिटत नाही. खबरदारी माझी, जबाबदारी त्यांची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीवर एवढं बोलतो की दुसरी विचारायचीच राहते, आणि ज्याने खड्डा ठेवला तो बाजूला उभा राहून मान डोलावतो.

तिसरं उत्तर कंपनीचं. ते ईमेलने आलं. सारांश असा: वॉरंटी एक वर्षाची आहे, पण आपण उपकरण उघडलेलं असल्यामुळे ती रद्द झाली आहे. उघडलं नसतं तरी तपासणीसाठी ते स्वखर्चाने परदेशी पाठवावं लागलं असतं, आणि दोष सिद्ध झाल्यास फक्त उपकरण बदलून मिळालं असतं. मासे, झाडं किंवा इतर कोणत्याही परिणामी नुकसानीची जबाबदारी कंपनी घेत नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

यातला पहिला भाग बघा. दोष आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडलं की दोष मोजला जात नाही. आता बोला! शिवाय क्रम बघा: मासे शनिवारी पहाटे मेले, पाना मी रविवारी लावला. रविवारच्या पान्याने शनिवारचे मासे कसे मेले, हे कुणीतरी मला समजावून सांगावं. माझ्याकडे शनिवारी सकाळी ६:४१ चा व्हिडिओ आहे. प्लग हातात आहे आणि बुडबुडे चालू आहेत. तोही मी पाठवला. त्यावर उत्तर नाही.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, आणि इथे भोसरीचे काका परत येतात. पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी शेकडो वर्कशॉप आहेत. त्यातल्या कुणीही मोठ्या गाडी कंपनीला न धुतलेला, बर राहिलेला भाग पाठवून बघावा. कंपनी म्हणत नाही की "बरं, हा एक पीस बदलून द्या." ती लॉट परत पाठवते, लाइन थांबली तर त्याचे पैसे लावते, वेगळं करण्याच्या मजुरीचे पैसे लावते, डेबिट नोट फाडते. वर लेखी मागते, की हे का झालं, मूळ कारण काय आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. म्हणजे परिणामी नुकसान मोजता येतं. वसूल करता येतं. रोज केलं जातं. फक्त ग्राहक मोठा असावा लागतो. ग्राहक म्हणून मी उभा राहिलो की तेच नुकसान एकदम मोजण्यापलीकडचं होतं, आणि छापील कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात जाऊन बसतं.

"हजारात एखादा पीस असा निघणारच हो," हेही ऐकलं. मान्य. शून्य दोष कुणालाच जमत नाही, मला तर नाहीच नाही. पण मग हिशेब नीट करू या. जो हजार पीस बनवतो त्याच्यासाठी 'हजारात एक' हा आकडा म्हणजे एक छोटा, आधीच माहीत असलेला खर्च आहे. तो प्रत्येक पीसच्या किमतीत थोडा-थोडा मिसळता येतो. माझ्यासाठी हजारात एक असं काही नसतंच. माझ्या घरी एकच पीस आहे. तो एक तर चांगला आहे किंवा टाकी मेली आहे. जो हा खर्च हजार जणांवर पसरवू शकतो त्याने तो उचलायचा, की ज्याच्यावर तो एकरकमी कोसळतो त्याने? मला यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. आणि २८ हजारांत मी नक्की काय विकत घेतलं होतं? त्याच कामाचा तीन-चार हजारांचाही मिळतो. वरचे २४ हजार मी 'हा रात्री बंद होईल' या खात्रीसाठी मोजले होते. तीच खात्री बारीक अक्षरात काढून घेतली, तर मी पितळ किलोच्या भावाने घेतलं असतं की!

काही जण म्हणतील, माशांचं काय एवढं? हौसेला मोल नाही, श्रीमंतांचे चोचले. ठीक आहे, मासे सोडा. घरातल्या इन्व्हर्टरचं वॉरंटी कार्ड काढा. फ्रिजचं काढा, ज्यात कुणाचं तरी इन्सुलिन असतं. गिझरचं काढा. ते बारीक अक्षरांतलं कलम तिथेही सापडेल. मासे मेलेले दिसतात म्हणून मला ते कळलं, एवढाच फरक. आणि या छंदातल्या वस्तू म्हणजे खेळणी नव्हेत, त्या पाण्यात बुडवलेल्या विजेच्या वस्तू आहेत. २०११ साली अमेरिकेत मरिनलँडचे स्टेल्थ हीटर परत मागवावे लागले, दहा लाखांहून जास्त नग. वायरिंगमधल्या दोषाने हीटर तापून फुटण्याचा, टाकीची काच फुटण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता. तिथे ग्राहक सुरक्षेसाठी एक सरकारी आयोग आहे, त्यामुळे हे जाहीरपणे झालं. नाहीतर प्रत्येकाला आपापल्या दुकानदाराने सांगितलं असतं, "साहेब, तुम्हीच नीट लावला नसेल."

आता जरा स्वतःकडे वळतो, कारण त्याशिवाय हे सगळं लिहिणं खोटेपणाचं होईल.

कंपनीच्या मेलमधलं शेवटचं वाक्य वाचताना मी थबकलो. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका रिलीजमुळे एका छोट्या वितरकाची दोन दिवसांची बिलं चुकीच्या कराने छापली गेली. त्याच्या माणसांनी रात्री बसून ती हाताने दुरुस्त केली. करारात आमचं कलम होतंच: सॉफ्टवेअर 'जसं आहे तसं', परिणामी नुकसानीची जबाबदारी नाही. मी पॅच पाठवला, आणि खाली ते वाक्य. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण किती तत्परतेने काम केलं! त्याच्या माणसांच्या त्या रात्रीचा हिशेब माझ्या डोक्यातही आला नाही. सगळ्या जगाला 'जसं आहे तसं' घ्यायची सवय लावण्यात आमच्या धंद्याचा मोठा वाटा आहे. आता ती सवय फिरून माझ्याच टाकीत आली, तेव्हा मला कंठ फुटला. तेव्हा हे भांडण फक्त 'त्यांच्या'शी नाही. पुढच्या कराराच्या वेळी ते कलम समोर आलं तर मी काय करणार आहे, याच्याशीही आहे. त्या वितरकाला मी मागच्या महिन्यात फोन केला. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, जुनं झालं." जुनं झालं म्हणजे फिटलं असं नव्हे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तर मग करायचं काय? नुसतं चिडून उपयोग नाही. आपला कायदा याबाबतीत आपल्याला वाटतो त्यापेक्षा बरा आहे. मी चार महिन्यांत जे शिकलो ते सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात 'उत्पादन दायित्व' असं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याच्या कलम ८४ नुसार वस्तूत उत्पादनदोष असेल तर उत्पादक जबाबदार धरला जातो. कलम ८६ तर आमच्यासारख्या इंपोर्टेड वस्तू घेणाऱ्यांनी पाठच करावं: उत्पादक भारतातल्या कायद्याच्या कक्षेत येत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येतं. 'कंपनी परदेशात आहे, आम्ही काय करणार' हे उत्तर तिथेच संपतं. आणि या कायद्यात 'हानी'च्या व्याख्येत त्या वस्तूव्यतिरिक्त इतर मालमत्तेचं नुकसानही येतं. पिंट्याला मालमत्ता म्हणताना जीभ अडखळते, पण कायद्याच्या दारातून आत जायला तोच शब्द आहे.

सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. दुकानात लावलेली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालापुढे टिकत नाही.

आता माझी चूक. दोष उघड्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर आयोग ती वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि साधारण ४५ दिवसांत अहवाल मागवतो. म्हणजे उघडण्याचं काम त्यांचं आहे. मी उत्साहाच्या भरात ते स्वतः केलं आणि समोरच्याच्या हातात कोलीत दिलं. तुम्ही करू नका. वस्तू जशी आहे तशी पिशवीत घाला, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांची चिठ्ठी लावा, फोटो काढा, त्याच दिवशी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. फोनवर बोललेलं हवेत जातं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि २०२५ पासून 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

आणि मुळात पक्कं बिल घ्या. आमच्या छंदात 'बिलाशिवाय दोन हजार कमी' हा एक जुना आजार आहे. ते दोन हजार म्हणजे तुमच्या सगळ्या हक्कांची किंमत असते.

एक शेवटची सवय: नवीन सोलेनॉइड आधी बादलीत दोन दिवस चालवा, जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघा, आणि टाकीवर बसवल्यावर आठवड्यातून एकदा दिवे गेल्यानंतर दहा मिनिटांनी बबल काउंटरकडे बघा. बुडबुडा दिसला तर झोपू नका. (हो, ही खबरदारी झाली. खबरदारी माझी. वर म्हटलंच.)

माझं पुढे काय झालं? कंपनीच्या इथल्या प्रतिनिधीने 'सद्भावना म्हणून' नवा रेग्युलेटर देऊ केला. अट अशी की यापुढे काही दावा नाही, असं लिहून द्यायचं. सद्भावनेला अट कशाला लागते, ते मला कळलं नाही. मी नाही म्हटलं आणि गेल्या आठवड्यात आयोगाकडे तक्रार दाखल केली. उघडलेल्या वस्तूमुळे ती कदाचित लंगडी पडेल, हे माहीत आहे. नावं इथे लिहीत नाही, ती जिथे लिहायची तिथे लिहिली आहेत. मागणीत रेग्युलेटरची किंमत आहे, माशांची आहे, आणि तिसरी एक गोष्ट आहे: हे का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, ते लेखी द्या. भोसरीच्या काकांकडे जे कुठलीही गाडी कंपनी मागते, तेवढंच.

दुकानदाराने त्या दिवशी मी निघताना एक पिशवी पुढे केली होती. आत दहा कार्डिनल. "घ्या साहेब, माझ्याकडून." त्याच्या हातात तेवढंच होतं आणि ते त्याने मनापासून दिलं, हे मला दिसत होतं. मी मुलीला फोन केला, घेऊ का म्हणून. ती म्हणाली, "बाबा, आधी तो कोण जबाबदार आहे ते ठरू दे. मग आणू."

पिशवी मी परत ठेवली. टाकी अजून तशीच आहे, सहा मासे आणि भरपूर झाडं. रात्री दहाला दिवे जातात. दहा वाजून दहा मिनिटांनी मी खाली वाकून बघतो.